पाळी, पंच आणि ओटी : हिंगण्याच्या कारखान्यातल्या प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

ग्राहकाकडून कामाची यादी आली. मसाल्यांचा कारखाना नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत, गोदाम कळमन्याला, शहरात स्वतःची दुकानं. हजेरीचं जुनं सॉफ्टवेअर काढून आमचं बसवायचं, आणि त्यात नवीन काय काय हवं ते त्यांनी लिहून पाठवलंय : चेहरा ओळखणं, जिओफेन्स (ठरलेल्या जागेच्या आतच हजेरी), सेल्फी पंच (पंच म्हणजे येण्या-जाण्याची नोंद), लेट मार्क आपोआप, कपात आपोआप. सगळी यादी कामगार लबाडी करणारच हे धरून केलेली. पाळ्या कशा लावायच्या, कशा बदलायच्या याबद्दल तळाशी एकच ओळ : "शिफ्ट प्लॅनिंग, जमल्यास."

माझं म्हणणं मीटिंगमध्ये मांडलं. यादीतलं सगळं करू, पण एक गोष्ट आमच्याकडून त्यात येईल. ज्या नोंदीवरून पगार निघतो, तीच नोंद कामगाराला त्याच दिवशी मोबाइलवर दिसेल. एचआर मॅडम म्हणाल्या, "मग रोज कोणी ना कोणी भांडायला येईल." येऊ दे. आता सात तारखेला पगार झाला की सगळे एकदम येतात, आणि तेव्हा तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी कोण किती वाजता निघालं हे कुणालाच आठवत नसतं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

दिवसभर कारखान्यात. लोकमान्य नगर स्टेशनला उतरून पुढे ऑटो.

गेटच्या आत डाव्या हाताला टाइम ऑफिस : एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी हाताने भरायचं जाडजूड मस्टर. बोटाचं मशीन भिंतीवर, त्याच्या काचेवर पिवळा थर. हळदीच्या लाइनवरची माणसं पाळी सुटल्यावर हात धुतात, पण बोटांच्या रेषांमधली हळद निघत नाही. मिरचीच्या लाइनवर तर बोटांची सालं निघालेली. तीन वाजता ए (सकाळची) पाळी सुटली आणि मशीनसमोर रांग लागली. एका मावशींचं बोट मशीन घेईना. अंगठा झाला, तर्जनी झाली, डावा हात झाला, पदराला पुसून परत अंगठा. मागून आवाज, "काहून थांबल्या जी मावशी?" शेवटी टाइम ऑफिसच्या भाऊंनी मस्टरमध्ये हाताने वेळ लिहिली : ३.००. भिंतीवरच्या घड्याळात ३.१७ झाले होते.

हाताने लिहिलेली वेळ कायम अशी गोल असते. त्या दिवशी मावशी ओटी (ओव्हरटाइम) करून निघाल्या असत्या तरी अशीच लिहिली गेली असती.

भाऊंना विचारलं, असं दिवसात किती वेळा होतं? "मोजून नाही राहिलो साहेब. महिन्याच्या शेवटी मशीनपेक्षा माझ्या पेनानंच जास्त हजेरी लागून राहिली."

निर्णय : हिंगण्याला बोट बंद, कार्ड सुरू. चेहऱ्याचं नंतर बघू. एकाचं कार्ड दुसरा लावेल ही मालकांची भीती खरी आहे, पण लाइन सुरू होताना सुपरवायझर डोकी मोजतोच. तो आकडा त्याच्या मोबाइलवरून सिस्टिममध्ये घेतला आणि कार्डांच्या आकड्याशी ताडला, तर तफावत तिथल्या तिथे दिसते. कार्ड हरवलं तर नवीन देता येतं, चेहरा आणि बोट बदलून देता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. नोकरीच्या कामासाठी डेटा वापरायला त्यात वाट ठेवलेली आहे, पण वाट आहे म्हणून गरज नसलेला डेटा गोळा करायचा, हे मला पटत नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार

आजचा अख्खा दिवस सी पाळीवर गेला. या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं काम हेच असणार.

पाळ्या अशा : ए ७ ते ३, बी ३ ते ११, सी रात्री ११ ते सकाळी ७. जुन्या सिस्टिममधून एका कामगाराचे पंच काढले : २२.५४ आत, ०३.०२ बाहेर, ०३.३१ आत, ०७.०६ बाहेर. माणूस वेळेवर आला, अर्धा तास जेवला, वेळेवर गेला. जुनी सिस्टिम दिवस रात्री बाराला तोडते. त्यामुळे पहिल्या तारखेला एकच पंच, शेरा "बाहेर पडल्याची नोंद नाही", अर्धा दिवस. दुसऱ्या तारखेला तीन पंच, पहिलाच "बाहेर", त्यामुळे जोड्या उलट्या लागल्या आणि कामाचे तास आले एकोणतीस मिनिटं. म्हणजे जेवणाची सुट्टी तेवढी काम म्हणून धरली! रात्रपाळीच्या प्रत्येक माणसाचं रोज हेच, आणि भाऊ ते रोज हाताने नीट करतात.

गंमत अशी की याचं उत्तर २०२४ मध्ये लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ मध्येच लिहिलेलं आहे. कलम ५७ : पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर बारानंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, आणि पुढचा दिवस पाळी संपल्यापासूनचे २४ तास. साप्ताहिक सुट्टीही तशीच, पाळी संपल्यापासून सलग २४ तास. कॉम्प्युटर नसलेल्या काळात मसुदा करणाऱ्यांना जे सुचलं ते आमच्या धंद्यात अजून निम्म्या सॉफ्टवेअरला सुचलेलं नाही.

म्हणून प्रत्येक पंचाला आता दोन गोष्टी : खरी वेळ आणि "पाळीचा दिवस". पाळीचा दिवस ठरतो त्या माणसाला लावलेल्या पाळीवरून. पाळी लावलेलीच नसेल तर जवळच्या पाळीच्या सुरुवातीवरून, आणि तशी नोंद पिवळी दिसते.

टीममधल्या नवीन मुलासाठी लिहून ठेवतो. डेटाबेसमध्ये वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहेत. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, सी पाळी संपायला दीड तास बाकी असताना. रिपोर्टमध्ये कुठेही नुसती यूटीसीची तारीख काढली तर पाळी पुन्हा मधोमध कापली जाईल, फक्त बाराच्या जागी साडेपाचला. आणि तपासताना कुणाच्या लक्षात येणार नाही, कारण ए आणि बी पाळीला काहीच होत नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

दुरुस्तीचा नियम ठरला. मशीनवरून आलेला पंच कोणीही बदलू शकणार नाही, खोडूही शकणार नाही. दुरुस्ती त्याच्या शेजारी बसेल : कोणी केली, कधी केली, कारण काय. दोन्ही कामगाराला दिसतील.

त्याच बैठकीत राउंडिंगचा विषय निघाला आणि वातावरण जरा तापलं. जुन्या सिस्टिममध्ये पंधरा मिनिटांचं राउंडिंग आहे. येण्याची वेळ वर जाते, जाण्याची खाली. सकाळी ७.०६ ला आलेला माणूस ७.१५ ला आला, दुपारी ३.१२ ला निघालेला ३.०० ला निघाला. नऊ आणि बारा, एकवीस मिनिटं गेली, आणि दोन्हीकडची कामगाराचीच. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. सेटिंग कोणीतरी कधीतरी लावलं आणि पगाराचं गणित बसतंय म्हणून तसंच राहिलं. मालकांसमोर एकाच कामगाराचा आठवडा दोन रकान्यांत ठेवला, राउंडिंगसह आणि राउंडिंगशिवाय. त्यांनी अकाउंट्सकडे पाहिलं, अकाउंट्सने एचआरकडे. निर्णय झाला : राउंडिंग बंद. उशिराला दहा मिनिटांची सवलत तशीच, ओटी मिनिटांवर.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा, आज तान्हा पोळा आणि मारबत-बडग्यांच्या पुतळ्यांची मिरवणूक. ऑफिस बंद. टाइम ऑफिसच्या भाऊंचा फोन : "इतवारीत मिरवणूक पाहून राहिलो साहेब. तुम्ही लवकर नाही केलं तर पुढच्या वर्षी त्या जुन्या मशीनचा बडग्या काढतो."

सुट्ट्यांच्या कॅलेंडरमध्ये "ठिकाण" हा रकाना लागणार हे आजच कळावं हेही बरंच. मारबतीची सुट्टी नागपूरची, पुण्याच्या कॅलेंडरची नक्कल इथे चालायची नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

ऑफलाइन पंच. शीतगृहात रेंज नाही, आणि गोदामाचे ड्रायव्हर मोबाइलवरून पंच करतात. रेंज नसताना केलेला पंच मोबाइलमध्ये थांबतो, नंतर सर्व्हरला जातो. प्रश्न असा की मोबाइलचं घड्याळ कोणीही मागेपुढे करू शकतं.

अँड्रॉइडमध्ये दुसरं एक घड्याळ असतं : मोबाइल चालू झाल्यापासून किती वेळ गेला ते मोजणारं. मोबाइल झोपला तरी ते चालू राहतं, आणि सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ बदलली तरी त्याला फरक पडत नाही. पंच करताना त्याचा आकडा सोबत ठेवायचा. सिंक होताना त्याचा तेव्हाचा आकडा घ्यायचा, दोन्हींतला फरक सर्व्हरच्या वेळेतून वजा करायचा, की पंचाची खरी वेळ मिळते. मध्ये मोबाइल बंद करून चालू केला असेल तर हे गणित मोडतं, कारण ते घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणून मोबाइल कितव्यांदा सुरू झालाय तो आकडाही सोबत ठेवला. तो जुळला नाही तर पंच घ्यायचा, शेरा मारायचा, माणसाने बघायचं. बॅटरी संपून मोबाइल बंद पडणं हा गुन्हा नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पाळीची अदलाबदल. यादीत तळाला असलेली "जमल्यास"ची ओळ, आणि कारखान्यात रोज चालणारी हीच एक गोष्ट. आजपर्यंत ती चिठ्ठीवर किंवा सुपरवायझरच्या कानावर घालून व्हायची. मस्टरमध्ये नाव एकाचं, मशीनवर माणूस दुसरा.

आता असं : कामगार मोबाइलवर आपली पाळी "देतो", दुसरा "घेतो", सुपरवायझर हो म्हणतो. तिघांनाही तीच नोंद दिसते. मध्ये नियम तपासले जातात. समजा ए पाळी करून त्याच रात्री मित्राची सी पाळी घेतली. कलम ५७ प्रमाणे दोन्ही पाळ्या एकाच दिवसात पडतात, कामाचे तास होतात सोळा. कलम ५४ ची दिवसाची मर्यादा नऊ तासांची, कलम ५६ प्रमाणे विश्रांती धरून एकूण पसारा साडेदहा तासांच्या आत हवा. हे बटणच चालणार नाही, आणि का चालत नाही ते मराठी किंवा हिंदीत तिथेच लिहून येईल. छिंदवाडा-बालाघाटकडचे बरेच कामगार आहेत, म्हणून हिंदी.

बी पाळी करून दुसऱ्या दिवशी ए घेतली तर मध्ये आठच तास. नऊ तासांच्या नियमात हे अडकत नाही. तरी पिवळी सूचना ठेवली, सुपरवायझरला कारण लिहावं लागेल. रात्री अकराला सुटलेल्या माणसाला मेट्रो मिळत नाही, घरी पोचायला बारा-साडेबारा, आणि सकाळी सातला परत गेटवर! ग्राइंडिंग मशीनवर अशा माणसाला मी उभा करणार नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

कळमन्याला जिओफेन्सची चाचणी. गोदामाभोवती ५० मीटरचं वर्तुळ काढलेलं. बाहेर रस्त्यावर उभं राहिलं की ठिकाण बरोबर. टिनाच्या शेडखाली गेलं की मोबाइल स्वतःच सांगतो, अचूकता ८० मीटर. अँड्रॉइडमध्ये या आकड्याचा अर्थ असा की खरं ठिकाण तेवढ्या त्रिज्येच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनातल्या जवळजवळ एका वेळी ते त्याच्याही बाहेर असू शकतं. अशा आकड्यावर ५० मीटरचा नियम लावून कुणाची हाजरी नाकारणं म्हणजे शुद्ध अन्याय. ग्राहकाला हेच हवं होतं : बाहेर दिसला की पंच नाही.

तडजोड : पंच कधीच नाकारायचा नाही. अचूकतेचं वर्तुळ गोदामाच्या वर्तुळाला शिवत असेल तर ठीक. नसेल तर "ठिकाण स्पष्ट नाही" असा शेरा. खोटं ठिकाण दाखवणारं अ‍ॅप चालू असेल तर अँड्रॉइड तशी खूण देतं, ती नोंदीत ठेवली. आणि पंच सोडून इतर वेळी ठिकाण घ्यायचं नाही. हा मुद्दा करारात लिहून घेतला.

५ ऑक्टोबर, शनिवार

पाळीपत्रक आपोआप तयार करणं. गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट हा सॉल्व्हर (नियम दिले की त्यात बसणारी मांडणी शोधणारा प्रोग्राम) घेतला, फुकट आहे आणि चांगला आहे. नियम घातले : प्रत्येक लाइनवर किमान माणसं, आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुट्टी, महिला कामगार फक्त ए आणि जनरल (दिवसाच्या) पाळीला (कलम ६६ चं मूळ बंधन संध्याकाळी ७ नंतरचं), रात्रपाळ्या सगळ्यांना सारख्या. पत्रक काही सेकंदांत तयार. घेऊन हिंगण्याला गेलो.

पॅकिंगच्या सुपरवायझर काकांनी चष्मा वर केला, कागदावरून बोट फिरवलं आणि दोन नावांवर थांबले. "हे दोघं वेगवेगळ्या पाळीत नाही चालत."

"का?"

"एका गाडीवर येऊन राहिले ना जी. गाडी एकाची, पेट्रोल दुसऱ्याचं. एकाले बी लावलं न् दुसऱ्याले ए, तर दोघंही नाही येत."

मग पुढचा अर्धा तास काका बोलत होते आणि मी लिहून घेत होतो. कोण कुणाच्या गाडीवर येतं. कुणाची बायको जनरलला आहे म्हणून लेकरासाठी त्याला बी बरी पडते. ग्राइंडरवर कुणाला कुणासोबत लावायचं नाही, आणि त्याचं कारण पोळ्याच्या दिवसाचं, ते विचारायचं नाही. यातलं एकही अक्षर कुठल्याच कागदावर नव्हतं. जुनं पाळीपत्रक काकांच्या डोक्यातून थेट फळ्यावर उतरायचं, आणि चालायचं ते त्यामुळेच.

"सोबत येणारे" असा रकाना टाकला. अदलाबदल करतानाही तो बघितला जाईल : एकाने पाळी दिली तर सोबतच्याला निरोप जाईल. सॉल्व्हरच्या रचनेतही बदल. सगळे नियम कडक ठेवले की सॉल्व्हर नुसतं "शक्य नाही" म्हणून हात वर करतो, त्यावरून काकांनी काय समजायचं? म्हणून कायद्याचे नियम कडक, बाकीचे मोडले तर चालतील पण कोणते मोडले ते पत्रकाखाली लिहून येईल. पत्रकाचं नाव "कच्चं पाळीपत्रक". पक्कं काका करतील.

१४ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी १२ तारखेला दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. कारखाना बंद होता. नवीन पाळीपत्रकाची पहिली खरी परीक्षा त्या सुट्टीने घेतली.

आमच्या नियमाप्रमाणे ११ तारखेची सी पाळी ११ तारखेतच धरली जाते, मग ती १२ च्या सकाळी सातपर्यंत चालली तरी. म्हणजे सुट्टी १२ च्या ए पाळीपासून. कायद्याने चूक नाही. पण दीक्षाभूमीला जाणारी माणसं आदल्या रात्रीच निघतात. बाहेरगावचे पाहुणे घरी उतरलेले असतात, कुणी भोजनदानाच्या स्टॉलवर उभं राहतं. ज्यांना ११ ची सी पाळी लागली होती त्यांच्यासाठी सुट्टीचा अर्थ झाला रात्रभर जागून सकाळी गर्दीत जाणं. "नको असलेली तारीख" हा पर्याय पत्रक तयार होण्याआधी सगळ्यांना दिला होता. लोकांनी १२ तारखेवर खूण केली, जी आधीच सुट्टी होती. ११ वर खूण करायची असते हे कुणाला सुचणार?

काकांनी अदलाबदल करून प्रश्न सोडवला. सिस्टिममध्ये आता प्रत्येक सुट्टीला "आदल्या रात्रीपासून" असा पर्याय आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि दिवाळीला तो लावून ठेवला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीच्या ऑर्डरी. सगळ्या लाइनवर ओटी.

आधी कुणाचे किती तास झाले हे महिना संपल्यावर कळायचं. आता पाळीपत्रकावर प्रत्येक नावासमोर आठवड्याचे झालेले आणि लावलेले तास एकत्र दिसतात, ४४ ला पिवळे, ४८ ला लाल. काका म्हणाले, लाल रंग दिसला की दुसऱ्या माणसाला विचारतो. दुकानांसाठी हिशेब वेगळा : महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे २०२४ मध्ये तीन महिन्यांत ओटीची मर्यादा १२५ तासांची होती. तो मीटर वेगळा बसवला.

पगाराकडे जाणारी फाइल तपासताना एक गोष्ट सापडली. ओटी दुप्पट दराने दिली जात होती, पण दुप्पट फक्त मूळ वेतनाची. कलम ५९ मधल्या "साधारण दरा"त मूळ वेतनासोबत भत्तेही येतात, वगळायचे ते बोनस आणि ओटीचे पैसे. हा काही आमच्या सॉफ्टवेअरचा भाग नाही, सूत्र पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तरी लेखी कळवलं. कामगाराच्या मोबाइलवर ओटीचे तास आणि दर दोन्ही दिसणार आहेत, चुकीचा दर आमच्या पडद्यावर मी दाखवणार नाही. एचआर मॅडमनी त्यांच्या कामगार कायद्याच्या सल्लागारांना विचारलं, नोव्हेंबरपासून सूत्र बदलतंय. मागच्या फरकाचं अजून ठरायचंय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे भरपगारी सुट्टी, कॅलेंडरमध्ये वेगळा प्रकार म्हणून टाकली. मध्य प्रदेशातल्या कामगारांचं नाव इथल्या यादीत नाही, त्यांना सुट्टी द्यायची का यावर चर्चा झाली. मालकांनी सगळ्यांनाच दिली, मशीन अर्ध्या माणसांवर चालत नाही म्हणून. विषय संपला.

९ डिसेंबर, सोमवार

पूर्ण नोव्हेंबर नवीन सिस्टिमवर. शनिवारी ७ तारखेला पगार झाला. टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून पाहिलं, रांग नव्हती. भांडणं झालीच नाहीत असं नाही, ती महिनाभर थोडी थोडी मोबाइलवरून झाली. "माझे वीस मिनिटं कुठं गेले जी" असा प्रश्न त्याच रात्री आला की भाऊ दुसऱ्या सकाळी गेटवरच निकाल लावतात.

मावशींना कार्ड मिळालंय, पण मोबाइल साधा आहे, अ‍ॅप चालत नाही. तशा बऱ्याच जणी आहेत. त्यांच्यासाठी दर सोमवारी आठवड्याच्या तासांची चिठ्ठी टाइम ऑफिसमधून छापून मिळते : दिवस, आत, बाहेर, ओटी, दुरुस्ती असेल तर कोणाची. मागच्या सोमवारी मावशींनी ती मुलीकडून वाचून घेतली आणि गुरुवारची नऊ मिनिटं कमी आहेत म्हणून परत आणली. बरोबर होतं त्यांचं. सुपरवायझरने दुरुस्ती करताना ३.१९ च्या जागी ३.१० टाकलं होतं.

बाकी कामं : मागच्या ओटीच्या फरकाचा हिशेब मागितलाय, जुन्या सिस्टिममधला डेटा काढून द्यायचा आहे. ठेकेदाराच्या कामगारांचे पंच अजून त्यांच्याच फाइलमधून येतात, तिथे चिठ्ठी नाही. ठेकेदाराशी बुधवारी बैठक. सीताबर्डी आणि धरमपेठच्या दुकानांची सुरुवात जानेवारीवर ढकलली. १६ पासून विधिमंडळाचं अधिवेशन आहे, मोर्च्यांच्या दिवशी रस्ते बंद असताना ड्रायव्हरांचे पंच तपासण्यात अर्थ नाही.